सासूबाईंच्या माहेरचं

माझ्या ओपीडीत सगळ्यात लवकर काय संपत असेल तर कोरे कागद. गायनॅक झाल्यावर जेनेटिक्स शिकून परत सांगलीत आले तेव्हा लोकांना वाटलं आता मोठं मशीन येणार, पण पहिलं काम काय तर वंशावळ काढायची, पुरुष चौकोन, बाई गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ आणि नात्यातलं लग्न असलं की नवराबायकोच्या मधे दोन रेघा. आमच्याकडं मामाची पोरगी करायची पद्धतच, त्यामुळं त्या दोन रेघा काढून काढून हात बसलाय.

मागं जतकडची एक पोरगी आली, आठवा आठवडा, सोबत सासू. सासू म्हणजे तिची सख्खी आत्याच. पहिलं बाळ दीड वर्षाचं होऊन गेलेलं, पांढरंफटक, पोट टम्म. तेव्हा कुणीतरी नुसतं "रक्त कमी आहे" म्हणून टॉनिक दिलेलं (हे ऐकलं की माझं डोकं फिरतं). आत्या म्हणाल्या, "हिच्याच अंगात रक्त न्हाय ओ, लग्नापास्नं गोळ्या खाती." हिमोग्लोबिन 9.4, एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा आकार, 64. लोहाच्या गोळ्या खाऊनही पेशी एवढ्या बारीक म्हटल्यावर एचबीए-टू, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार किती टक्के आहे ती तपासणी, केली, 5.2 आली. साडेतीनच्या वर गेली की थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताच्या ह्या आनुवंशिक आजाराचा दोष आईबापातल्या एकाकडनंच आलेला, त्यामुळं आजार सौम्य. मग नवऱ्याची केली, त्याचीही तशीच.

दोघं मायनर असले की प्रत्येक खेपेला मेजर, म्हणजे दोघांकडनं दोष आलेलं, गंभीर आजाराचं बाळ व्हायची शक्यता 25 टक्के. हे समजावताना माझा घसा बसतो, कारण लोक म्हणतात एक गेलं ना, आता पुढची तीन चांगली. तसं नसतं, दरवेळी चिठ्ठ्या नव्यानं टाकायच्या.

कागदावर रेघा वर वर नेत गेले तर त्या आत्यांच्याच आईवडलांपाशी जाऊन भेटल्या. आत्या बराच वेळ कागदाकडं बघत बसल्या, मग हळूच, "म्हंजी माझ्याच म्हायेरचं म्हणा की."

आधी दोघांच्या जीनमधला नेमका दोष शोधला आणि मग बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा काढून पाठवला, लवकर आली म्हणून जमलं, पाचव्या महिन्यात उगवतात तेव्हा गर्भजल काढावं लागतं आणि हातात वेळच राहत नाही. फॉर्मवर सह्या घेताना आत्यांनी विचारलंच, "मग पोरगा का पोरगी ते बी कळत आसंल?" मी भिंतीवरच्या बोर्डाकडं बोट दाखवलं. कायदा 1994 चा, प्रश्न अजून रोजचा.

रिपोर्ट मायनर आला. फोन आत्यांनीच घेतला. "मायनर म्हंजी आमच्यागतच न्हवं?" म्हटलं, हो. जरा थांबून म्हणाल्या, "मॅडम, धाकट्याचं बी मामाच्याच धाकटीशी ठरतंय, त्यांचं रक्त कवा आणू?"