प्राध्यापकी सोडून लिहायला बसायचं तर

प्राध्यापकी सोडून अर्धवट पडलेली कादंबरी किंवा ललित लेख पुन्हा हातात घ्यायचे तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. उत्तर रुक्ष आहे: सेवापुस्तकापासून, म्हणजे नोकरीच्या अधिकृत नोंदवहीपासून.

अनुदानित महाविद्यालयात जुन्या पेन्शन योजनेत असाल, तर अर्जात ‘राजीनामा’ हा शब्द चुकूनही लिहू नका. महाराष्ट्राच्या 1982च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे राजीनाम्याने आधीची सेवा जप्त होते. अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी सेवा 20 वर्षं भरली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन टिकते. साडेएकोणीस वर्षांवर रागाच्या भरात खरडलेला अर्ज फार महाग पडतो. 1 नोव्हेंबर 2005पासून पुढे लागलेल्यांनी एनपीएसचा, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेतल्या आपल्या खात्याचा हिशेब आधी लेखी घ्यावा. मुदतीपूर्वी बाहेर पडणं धरलं गेलं आणि जमा रक्कम अगदीच किरकोळ नसली, तर त्यातले किमान 80 टक्के ॲन्युइटीत, म्हणजे ठरावीक पेन्शन देणाऱ्या योजनेत जातात, हातात येत नाहीत. ‘त्या पैशांवर दोन वर्षं काढू’ हा बेत तिथेच कोसळतो.

अर्ज देण्याआधी एक उन्हाळी सुट्टी परीक्षेला लावा. पेपर तपासणी नाही, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फाइली नाहीत. सहा आठवडे रोज तीन तास फक्त लेखन. पाचव्या आठवड्यातही टेबलाशी बसवत असेल, तर पुढचं बोलू.

खरी अडचण भाषेची. वीस वर्षं शोधनिबंध लिहिलेला हात ‘प्रस्तुत’, ‘सदर’, ‘दिसून येते’ यांशिवाय हलत नाही. प्रत्येक विधानाला आधार द्यायची सवय इतकी मुरते, की पाऊस पडला हे सांगायलाही तळटीप शोधली जाते. जुना प्रबंध पुस्तकासाठी वापरायचा तर पूर्वसंशोधनाचा आढावा आणि संशोधनपद्धती ही प्रकरणं सरळ काढा. थोडी ठेवून चालत नाही, ती बाकीच्या मजकुराला आपल्या चालीवर ओढतात. मग फाइल बंद करून प्रकरणातला एक प्रसंग आठवणीतून लिहा. संपादन करत बसलात तर कर्मणी प्रयोग जात नाही. नव्याने लिहिल्यावर जातो. लिहिलेलं मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही, तिथे बहुधा तीन ‘आणि’ व एक ‘ज्यामुळे’ सापडेल.

आणि हो, छापून आलेला निबंध पुस्तकात घेण्याआधी नियतकालिकाला हक्क लिहून दिले होते का, ते तपासा. प्रकाशकाच्या करारातही मुदत आणि प्रदेश नीट वाचा. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. करारात वेगळं काही नसेल, तर वर्षभरात न वापरलेले हक्क रद्द होतात. मुदत-प्रदेश कोरे सोडलेल्या करारापेक्षा ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ हे शब्द जास्त घातक.

पैशांचं म्हणाल तर 300 रुपयांचं पुस्तक, 10 टक्के मानधन, हजार प्रतींची आवृत्ती. सगळी विकली गेली तर 30,000 रुपये, तेही दोन-तीन वर्षांत पसरून. त्यामुळे घरखर्च दुसरीकडून भागवा. पण मौखिक परीक्षा, अतिथी व्याख्यानं, अभ्यासमंडळं यांतून नको. मानधन तुटपुंजं आणि सकाळ जाते. भाषांतर किंवा संपादनाचं ठरावीक काम बरं, तेही दुपारी.