गल्फच्या शाळेची सुट्टी आणि गावची भातलावणी

दुबई-शारजात शिकणारं पोर गावाला येतं तेव्हा हापूसची शेवटची पेटी रिकामी होऊन महिना झालेला असतो. ते परत जातं तेव्हा चित्रशाळेत गणपतीवर रंग चढत असतो. दापोली, खेड, मंडणगड, श्रीवर्धन, राजापूर या पट्ट्यात अशी घरं गावागणिक आहेत. "मे महिन्यात का नाही आणत रे पोरांना?" हा आजीचा प्रश्नही घरागणिक ठरलेला. हट्टापायी कोणी तसं करत नाही. तिथलं शाळेचं वर्षच वेगळं आहे, आणि ते गावाकडच्या माणसांना नीट माहीत असलं तर पोरांचे ते सहा-सात आठवडे खूप चांगले जातात.

अमिरातीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. दहावीचं पोर फेब्रुवारी-मार्चमध्ये पेपर देतं आणि निकाल लागायच्या आधीच अकरावीच्या वर्गात बसतं. मे महिन्यात, आपल्याकडे कलमांवरून आंबा उतरवत असताना, तिथे घटक चाचणीची तयारी चालू असते. मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टची. बाहेर पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो आणि मैदानावर उभं राहणंही अवघड होतं, म्हणून. २०२५ मध्ये शाळा २५ ऑगस्टला उघडल्या आणि गणेश चतुर्थी होती २७ ऑगस्टला. दोन दिवसांनी चुकली. ज्या वर्षी गणपती सप्टेंबरात येतात त्या वर्षी तर शाळा चांगली रुळलेली असते.

"मग चार दिवस उशिरा जाऊ दे की" असं म्हणण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. सीबीएसईला बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. चार दिवसांनी ती मोडत नाही; पण डिसेंबरात घरचं लग्न, मध्ये आठवडाभर ताप, असं सगळं त्याच खात्यातून वजा होतं. दुसरं म्हणजे, सहामाही परीक्षा बऱ्याच शाळांत सप्टेंबरातच लागते. नववीपर्यंत पालकांनी शाळेशी बोलून गणपतीसाठी रजा मागून बघावी. दहावी-बारावीला मागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पोराचा तिथला दिवस कसा जातो, हेही गावात फारसं कोणाला माहीत नसतं. पहाटे पाच-सव्वापाचला उठायचं, सहाच्या आसपास बस. लांब राहणाऱ्यांचा तासभर बसमध्येच जातो. दुपारी दोन-अडीचपर्यंत तास, मग पुन्हा बस, जेवण, थोडी झोप, आणि संध्याकाळी शिकवणी. नववीपर्यंत अरबी हा विषय सक्तीचा. २०२२ पासून तिथे आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवारची झाली, शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाआधी शाळा सुटते; शारजात तर शुक्रवारीही सुट्टीच असते. ओमानमध्ये मात्र अजून शुक्रवार-शनिवारच. म्हणून मस्कतच्या पोराला रविवारी सकाळी फोन केला तर ते वर्गात असतं. रमजानात शाळेची वेळ कमी होते, पण बोर्डाचं वेळापत्रक हलत नाही. २०२५ मध्ये परीक्षा १५ फेब्रुवारीला सुरू झाल्या आणि तिथे रमजान १ मार्चला लागला. पुढचे पेपर कितीतरी पोरांनी रोज्यात दिले.

अशा दिवसांतून सुटून आलेलं पोर पहिले तीन-चार दिवस नुसतं झोपतं. झोपू द्यावं.

आंबा चुकला, गणपती चुकले, आणि ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असल्यामुळे ताजी सुरमई-पापलेटंही नाहीत. पण जुलैत कोकणात जे असतं ते गल्फमध्ये पैसे टाकूनही मिळत नाही. भाताची लावणी ऐन या दिवसांत असते. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला ती जमते, फक्त सुरुवातीला कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवायला हवं. पेरून एकवीस ते पंचवीस दिवस झालेला तरवा, म्हणजे भाताची रोपं, मुळाशी धरून उपटायचा, शेंड्याला ओढायचा नाही, नाहीतर तुटून हातात येतो. मुळांची माती पाण्यात झटकून जुड्या बांधायच्या. चिखल केलेल्या खाचरात एका जागी दोन-तीन रोपं, बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल नाही. मागे मागे सरकत, साधारण वीतभर अंतरावर. नवखी पोरं हमखास खोल रोवतात, कारण वर रोवलेलं रोप पडेल अशी भीती वाटते. खोल गेलेल्या रोपाला फुटवे कमी येतात, आणि शेवटी लोंब्या कमी. हे कारण सांगून दाखवलं की दुसऱ्या ओळीत हात आपोआप वर येतो.

पायाला जखम, चीर, फोड असेल तर त्या पोराला चिखलात उतरवू नका. या दिवसांत लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, रुग्ण निघतात. उंदरांच्या मुतातून जंतू पाण्यात येतात आणि जखमेवाटे शिरतात. लावणीनंतर ताप आणि पोटऱ्या दुखणं असेल तर घरी काढा देत बसायचं नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी न्यायचं आणि "शेतात उतरला होता" हे डॉक्टरांना आठवणीने सांगायचं.

अभ्यास सोबत येतोच. प्रकल्प, प्रयोगवह्या, गणिताचे सराव संच. गावी वीज जाते, नेट जातं आणि नेमकं ऑनलाइन वर्गाच्या वेळी जातं. म्हणून निघण्याआधी तिथेच सगळं फोनवर उतरवून घ्यावं आणि गणित, विज्ञान या दोन विषयांचं तरी छापील पुस्तक आणावं. सकाळी चहानंतरचे दीड-दोन तास रोज नेमाने दिले तर दहावीचाही अभ्यास मागे पडत नाही. त्याहून जास्त बसवून ठेवू नये. दिवसभर पुस्तकात डोकं घालायचं असेल तर एवढा प्रवास करून आणलं कशाला?

प्रवासाचं गणित आधीच मांडावं लागतं. शाळा सुटल्याच्या पहिल्या आठवड्यात विमानाचं भाडं सर्वांत चढं असतं. आठवड्याच्या मधल्या वाराला आणि चार-पाच दिवस थांबून निघालं तर फरक पडतो. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. कोकण रेल्वे तेव्हा पावसाळी वेळापत्रकावर चालते, गाडीच्या वेळा बदललेल्या असतात, आणि जोराच्या पावसात वेगही कमी करतात. मुंबईला उतरून त्याच दिवशीची गाडी धरायची असेल तर मध्ये सहा तास तरी ठेवा.

याच सुट्टीत घरात एक विषय निघतो: पोराला कायमचं इकडे आणायचं का? आणायचं तर नववीच्या किंवा अकरावीच्या आधी. सीबीएसईची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते, त्यामुळे थेट दहावी-बारावीत प्रवेश मिळवणं फार अवघड. डॉक्टर व्हायचं मनात असेल तर आणखी लवकर ठरवा. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय जागांच्या राज्य कोट्यासाठी अधिवासासोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. अपवाद मोजके आहेत. कितीतरी घरांना हे बारावीनंतर कळतं, आणि तेव्हा काही करता येत नाही. तिथल्या शाळेचा दाखला आणायचा तर त्यावर तिथल्या शिक्षण खात्याचा शिक्काही निघण्याआधीच करून घ्यावा.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात परतीच्या बॅगा भरतात. आंबापोळी, कोकम, कुळथाचं पीठ हे तर जातंच. उन्हाच्या दिवशी सुकवून ठेवलेलं असलं तर बरं, ओल्या हवेत भरलेल्या पिठाला तिथे पोचेपर्यंत वास लागतो. झोपेची घडीही याच आठवड्यात बसवावी. आपण तिथल्यापेक्षा दीड तास पुढे आहोत. गावात पोर साडेसहाला उठायला लागलं की तिथले पाच वाजलेले असतात, आणि सहाची बस चुकत नाही.