कांपाल ते जुने गोवे: मांडवीकाठच्या एका अर्धमॅरेथॉनची वाट

पणजीच्या कांपालवरून निघायचे, मांडवीच्या काठाकाठाने जुन्या गोव्यापर्यंत जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, एवढाच त्या अर्धमॅरेथॉनचा आराखडा होता. 2013 च्या डिसेंबरात ती झाली आणि पुढे काही वर्षांतच बंदही पडली. गोव्यात त्यानंतर याहून कितीतरी मोठ्या शर्यती झाल्या. 2019 च्या ऑक्टोबरात मिरामारला आयर्नमॅन 70.3 झाली, तेव्हा पोहणे, सायकल आणि शेवटी एकवीस किलोमीटर धावणे असा तिहेरी पल्ला पार करायला देशोदेशींचे खेळाडू आले होते. तरीही गोव्यात धावण्यासाठी सर्वांत चांगली वाट कोणती, असे कोणी विचारले, तर मी त्या बंद पडलेल्या शर्यतीचीच वाट सांगते. त्या वाटेचे वर्णन एकदा सविस्तर लिहून ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते.

धावण्याची लाट आमच्याकडे उशिरा पोहोचली. मुंबई मॅरेथॉन 2004 मध्ये सुरू झाली, दिल्लीची अर्धमॅरेथॉन 2005 मध्ये आणि बंगळुरूची दहा किलोमीटरची शर्यत 2008 मध्ये. पुण्याची मॅरेथॉन तर 1983 पासूनची. पण डिचोलीसारख्या तालुक्याच्या गावात या शर्यती म्हणजे दूरचित्रवाणीवर पाहायच्या गोष्टी होत्या. नोकरदार माणसांनी, गृहिणींनी, निवृत्तीला आलेल्यांनी पहाटे उठून रस्त्यावर धावायचे, ही कल्पना रुजायला आणखी काही वर्षे गेली आणि आमच्या भागात ती रुजण्यामागे एक वेगळेच कारण घडले. 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि खनिजाच्या ट्रकांनी दिवसभर भरून वाहणारे आमचे रस्ते एकाएकी मोकळे झाले. पावसाळा संपला की झाडांच्या पानांवर, घरांच्या कौलांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी तांबडी धूळ त्या वर्षी बसलीच नाही. हे मी आनंदाची बातमी म्हणून सांगत नाही. त्या मोकळ्या रस्त्यांच्या दोन्ही कडेला लोकांचे ट्रक उभे होते, बँकांचे हप्ते थकले होते आणि घराघरांत चिंता होती. आमच्या गटात धावणाऱ्यांपैकी एक जण खाणीवर यंत्र चालवायचे. कामावर जायची वेळ झाली की घरात बसवत नाही, म्हणून धावायला येतो, असे ते सरळ सांगत. त्यांच्याइतका नेमाने येणारा दुसरा कोणी नव्हता.

बायकांसाठी तर या लाटेने फार मोठी गोष्ट केली. पहाटेच्या अंधारात एकटी बाई रस्त्याने धावताना दिसली, की पूर्वी लोक थांबून विचारायचे, घरी सगळे ठीक आहे ना. शर्यतीचा टी-शर्ट अंगावर आला आणि त्या प्रश्नाला एक तयार उत्तर मिळाले. मी स्वतः सलवार-कमीजवरच धावू लागले होते आणि माझ्यासारख्या आणखी काही जणी होत्या. त्यांतल्या दोघी-तिघी त्या डिसेंबरातल्या रविवारी माझ्याबरोबर पणजीला आल्या.

त्या वेळेला बस मिळणे शक्यच नव्हते, म्हणून एक जीप ठरवून आम्ही म्हापशावरून पणजी गाठली. मांडवीचा पूल ओलांडताना खाली नदीवर धुके होते. कला अकादमीच्या आसपास झाडांखाली माणसे जमली होती. कोणी पाय ताणत होते, कोणी एकमेकांच्या छातीवर बिबच्या, म्हणजे धावपटूचा क्रमांक असलेल्या कागदाच्या, पिना लावून देत होते. बिबच्या मागे चिकटवलेल्या पट्टीत टायमिंग चिप असते आणि सुरुवातीच्या मॅटवरून पाऊल गेले की तिथून आपली वेळ मोजली जाते, हे तिथेच एका अनुभवी धावपटूने आम्हाला समजावून सांगितले. गर्दीत मागे उभे राहिले तरी काही बिघडत नाही, हे कळल्यावर आमच्या जिवावरचे अर्धे ओझे उतरले. आम्ही अगदी मागेच उभ्या राहिलो.

अंधारातच शर्यत सुटली. बांदोडकर मार्गावरून कॅसिनोंच्या बोटींचे दिवे ओलांडत, जुन्या सचिवालयाच्या भिंतीला आणि आबे फारियाच्या पुतळ्याला वळसा घालून पणजीतल्याच पाटो नावाच्या भागापर्यंतचा पल्ला हा शहराचा भाग. नदीतल्या त्या झगमगाटाबद्दल मला कधीच आपुलकी वाटली नाही आणि तिथून लवकर पुढे सरकले, याचे बरेच वाटले. पुढे मांडवीचे पूल डोक्यावर आले. अटल सेतू तेव्हा नव्हता, तो 2019 मध्ये खुला झाला. पण याच जागी जुना पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला होता आणि त्यानंतर कित्येक वर्षे माणसे फेरीबोटींनी नदी ओलांडत होती, हे आमच्या पिढीतले कोणी विसरलेले नाही.

पुलाखालून बाहेर पडले की रायबंदरचा पाटो, म्हणजे दलदलीवरचा लांब पूल, लागतो आणि या वाटेचे खरे सौंदर्य इथून सुरू होते. लिन्यारिशच्या काउंटने, म्हणजे व्हाइसरॉय मिगेल द नोरोन्या याने, 1633-34 मध्ये हा दगडी बांध बांधून घेतला. तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा पूल दलदलीवर जवळजवळ चार शतके उभा आहे आणि आजही त्यावरून बसगाड्या धावतात. डावीकडे मांडवी आणि उजवीकडे मिठागरे, मध्ये एवढाच रस्ता. बसच्या खिडकीतून मी ही मिठागरे लहानपणापासून पाहत आले होते, पण ती एकसारखी सपाट दिसत. धावण्याच्या गतीने जाताना त्यांतले बांध, वाफे आणि भरतीचे पाणी आत घेणाऱ्या मानशी वेगवेगळ्या ओळखू आल्या. डिसेंबरात मीठ तयार नसते. पावसाळ्यात साचलेले पाणी काढून टाकायचे, चिखलाचे बांध डागडुजी करून घट्ट करायचे, तळ चोपून सपाट करायचा, ही कामे त्या दिवसांत चाललेली असतात आणि मीठ उन्हाळ्यात निघते. पुरते उजाडायच्या आधीच एक माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून फावड्याने बांधावर चिखल थापत होता. आमच्या पावलांचा आवाज ऐकून त्याने एकदा मान वर केली, हात उंचावला आणि पुन्हा कामाला लागला. त्या सबंध वाटेवरचा आमचा पहिला प्रेक्षक तोच.

नदी त्या वर्षी विलक्षण रिकामी होती. खनिज भरून खाली मुरगावकडे जाणाऱ्या आणि रिकाम्या होऊन वर येणाऱ्या बार्जी हे मांडवीचे नेहमीचे दृश्य. खाणी थांबल्या तशा बार्जीही थांबल्या. माझ्या पुढे काही अंतरावर आमच्या गटातले ते यंत्रचालक काका धावत होते. पाटोवर ते क्षणभर नदीकडे वळून पाहताना मला दिसले. त्यांच्या मनात काय आले असेल, ते मी त्यांना कधी विचारले नाही.

रायबंदर म्हणजे नदीला बिलगून वसलेला अरुंद रस्ता आणि त्याला लागून उभी असलेली घरे. कदंब पठारावरून जाणारा हमरस्ता झाल्यापासून लांबच्या गाड्या इकडे फिरकत नाहीत, त्यामुळे गाव आपल्या लयीत राहिले आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत दारोदार थांबत होता आणि उंडे नि पोळे या गोव्याच्या पावांचा वास सबंध रस्त्यावर पसरला होता. चोडणला जाणाऱ्या फेरीच्या धक्क्यावर दुचाकीस्वारांची रांग लागलेली होती. पलीकडच्या खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे आणि तिथून बगळ्यांचे थवे उठून नदीवरून जात होते. जुन्या रॉयल हॉस्पिटलच्या ज्या इमारतीत बरीच वर्षे व्यवस्थापनाचे महाविद्यालय होते, तिच्या पुढे गेल्यावर आकाश पुरते उजळले.

जुन्या गोव्याच्या अलीकडे वाट पुन्हा नदीला भिडते. इथे मला पायी चालण्याची आठवण झाली. 3 डिसेंबरचे गोंयच्या सायबाचे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त नुकतेच होऊन गेले होते. फेस्ताच्या आधीच्या नोव्हेनांना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांना, लोक याच वाटेने पहाटे चालत येतात, काही तर बेळगाव-खानापूरकडून दिवसचे दिवस चालत येतात आणि त्यांच्यात हिंदूही असतात. आमच्याकडून आषाढीला पंढरपूरला पायी जाणारी माणसे मी पाहिली आहेत. चालणाऱ्यांच्या पावलांनी झिजलेल्या या रस्त्यावर आपण आज धावतो आहोत, हा विचार मला फार बळ देऊन गेला. व्हाइसरॉयच्या कमानीजवळ सूर्य वर आला. उजवीकडे सें कॅथेड्रल आणि बॉम जीझस बासिलिका, डावीकडे नदीपलीकडे दिवाडी बेट. एके काळी हे शहर राजधानी होते. साथींनी ते ओस पडले आणि 1843 मध्ये राजधानीचा दर्जा पणजीला मिळाला. आम्ही नव्या राजधानीतून जुन्या राजधानीत पोहोचलो होतो. आम्हा डिचोलीकरांची नजर मात्र आधी दिवाडीकडे गेली. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ त्याच बेटावर होते. ते पाडले गेल्यावर देव नदी ओलांडून आमच्या नार्व्यात आला आणि शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला.

गांधी पुतळ्याच्या चौकातून परत फिरलो आणि शर्यतीचे रूप बदलले. डिसेंबरातली गोव्याची पहाट थंड वाटते खरी, पण हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर निवत नाही. ऊन पाठीवर येऊ लागले तसे मागे राहिलेल्यांचे पाय जड झाले. त्यातच रायबंदरच्या अलीकडच्या पाण्याच्या थांब्यावर पोहोचलो, तेव्हा टेबल होते, चिरडलेले पेले होते आणि पाणी मात्र संपलेले होते. पुढे गेलेल्यांना दोन-दोन बाटल्या मिळाल्या होत्या. अर्धमॅरेथॉनमध्ये सर्वांत जास्त वेळ उन्हात राहतात ते मागचे लोक आणि पाण्याचा हिशेब त्यांच्यापासून सुरू व्हायला हवा. आयोजकांनी तो तसा केला नव्हता. याचा मला आजही राग येतो.

तिथून पाच-सहा घरांवर एका बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, साठी ओलांडलेली एक बाई उभी होती. सकाळी जाताना तिने आम्हाला पाहिले असावे. तिच्या पायरीवर स्टीलची कळशी, चार पेले आणि एका ताटलीत कापलेली लिंबे होती. "उदक जाय गो बाय?" तिने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता पेला पुढे केला. एका बशीतले खडे मीठ चिमटीत घेऊन ते तिने प्रत्येक पेल्यात टाकले, बोटाने ढवळले आणि वर लिंबू पिळले. मीठ कुठले, असे मी विचारले, तर तिने पाटोच्या दिशेने हात केला. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते आणि नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले सोडियम घटून चक्कर येते, वेळप्रसंगी जिवावरही बेतते. धावपटूंना हे पुस्तकातून शिकावे लागते. तिने ते उन्हात काम करणाऱ्या माणसांकडे पाहून शिकलेले होते. माझ्या मागून येणाऱ्या प्रत्येकाला ती तसाच पेला देत राहिली. शेजारच्या घरातली मुले रिकामी कळशी भरून आणत होती. "आतां थोडेंच उरलां, वच," असे म्हणून तिने मला जवळजवळ ढकललेच.

परतीचा पाटो मी कसाबसा पार केला. सकाळी जो बांध दहा मिनिटांचा वाटला नव्हता, तो उन्हात संपता संपेना. मिठागरातला माणूस आता दुसऱ्या वाफ्यात होता. पाटोपासून कांपालपर्यंत चालले आणि धावले दोन्ही, आणि मॅटवरून पाऊल पडले. गळ्यात पदक पडले, केळे मिळाले. आमचे यंत्रचालक काका केव्हाचे पोहोचून सावलीत बसले होते आणि आम्हा सर्वांसाठी त्यांनी पातळ भाजी नि पाव सांगून ठेवले होते.

पुढच्या वर्षांत मी इतरही शर्यती धावले. व्यवस्था सुधारत गेली, पाणी कुठेच कमी पडले नाही, निकाल फोनवर येऊ लागले. पण मार्ग बदलले. वाहतुकीची अडचण नको म्हणून आयोजक चार-पाच किलोमीटरांचा बंदिस्त पट्टा घेतात आणि त्यावर फेऱ्या मारायला लावतात. त्यांची अडचण मला समजते. तरीही स्थानिक शर्यतीची किंमत तिच्या वाटेवर आणि वाटेवरच्या माणसांवर ठरते, असे माझे ठाम मत आहे. पल्ला सगळीकडे 21.0975 किलोमीटरच असतो; रायबंदर सगळीकडे नसते.

आमचा डिचोलीचा गट अजून टिकून आहे. येत्या डिसेंबरात शर्यतीविनाच ही वाट पुन्हा धावायचे आम्ही ठरवले आहे, मात्र या वेळी जुन्या गोव्यातून परत पणजीला यायचे नाही. तिथल्या धक्क्यावर फेरी पकडून दिवाडीत उतरायचे, बेट आडवे पार करायचे, दुसऱ्या फेरीने नार्व्याला यायचे, सप्तकोटेश्वराला नमस्कार करायचा आणि तिथून डिचोली गाठायची. काका आता सत्तरीकडे झुकले आहेत. पाटोपर्यंत चालत आणि पुढे जमेल तसे धावत येणार, असे त्यांनी कळवले आहे. ज्यांना बरोबर यायचे आहे, त्यांनी टोपी, सुटे पैसे आणि चिमूटभर मीठ जवळ ठेवावे. फेरीची वाट पाहायची तयारीही ठेवावी.