तुम्ही विचारलंत म्हणून: टाके उसवले, मग पुढे?

ऑपरेशनची तारीख मिळालेली एखादी मुलगी फोन करते. आधी खर्चाचं विचारते, मग आवाज खाली आणते: "अक्का, तुझं फसलं होतं ना? मग नीट कसं झालं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते. फसलं नव्हतं. टाके उसवले होते.

मुंबईत नवी योनी घडवण्याची शस्त्रक्रिया झाली. सहाव्या दिवशी आतलं पॅकिंग काढलं, लघवीची नळी काढली, डायलेटर, म्हणजे नवी वाट आकसू नये म्हणून आत घालायची गुळगुळीत कांडी, कसा घालायचा ते शिकवलं आणि मी सांगलीला परतले. बाराव्या दिवशी हातात आरसा धरून पाहिलं तर खालच्या टोकाला, गुदद्वाराच्या बाजूला, जखम उघडी. आत पिवळट थर. सडलं सगळं, असं वाटून मी न्हाणीघरातच बसून रडले.

सर्जनला फोटो पाठवला. ते म्हणाले, ताण सगळा तिथेच येतो, ओलही तिथेच राहते, म्हणून उसवतं तेही बहुधा तिथेच. पिवळं दिसतंय तो पू नाही, भरत्या जखमेवर असा थर येतो. पुन्हा टाके घालायचे नाहीत, सुजलेल्या मांसात टाका धरत नाही. जखम तळापासून वर भरत येईल. आली, पण सात आठवडे घेतले. कोमट पाण्याने धुणं, टिपून कोरडं करणं, कुशीवर झोपणं. डेटॉल नाही, हळद नाही. (हळदीचा सल्ला मला किमान चौघींनी दिला.) डायलेशन मात्र थांबवलं नाही. लहान आकाराचा डायलेटर, भरपूर जेली, जखमेवर दाब न देता. बंद केलं तर नवी वाट आकसत जाते, आणि ती परत मिळवणं जखम भरण्याहून कठीण.

तिसऱ्या महिन्यात डायलेटरवर रक्ताचे ठिपके दिसू लागले, पिवळसर स्राव थांबेना. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे तीन कोर्स दिले. त्यांचा तरी काय दोष, असं शरीर त्यांनी पाहिलंच नव्हतं. आत जखम गरजेपेक्षा जास्त भरून लालभडक, हात लावताच रक्त येणारं मांस वाढलं होतं, त्याला ग्रॅन्युलेशन म्हणतात. त्यावर गोळी चालत नाही. सर्जननी सिल्व्हर नायट्रेटची काडी लावली. चुरचुरलं, दोन दिवस करड्या कपच्या पडल्या. असं तीनदा केल्यावर थांबलं.

थांबून पाहायचं नाही, अशा गोष्टी वेगळ्या. थंडी वाजून ताप, तासाभरात पॅड भिजवणारं रक्त, लघवी अडणं, कडा काळ्या पडत जाणं. आणि योनीतून वारा किंवा मळ येऊ लागला तर गुदाशयाला भोक पडलेलं असू शकतं. डायलेटर बाजूला ठेवायचा आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच गाठायचं, लाजत बसायचं नाही.

आता एक कबुली. ऑपरेशनआधी मला विचारलं होतं, सिगारेट ओढता का? मी छातीठोकपणे नाही म्हटलं. खरंच कधी ओढली नाही. पण मिश्री लावत होते, रोज सकाळी आणि कधी दुपारीही. आजी लावायची, आई लावते, आमच्या घरी ते व्यसनात मोजतच नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेच्या कडांना रक्त कमी पोचतं. टाके त्यामुळेच उसवले असं कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, तंबाखू न लावणाऱ्यांचेही उसवतात. पण डिस्चार्ज होऊन घरी आल्या आल्या मी पुन्हा डबी उघडली होती, हे मला माहीत आहे.

त्यामुळे हल्ली तारीख मिळाल्याचा फोन आला की मी अभिनंदन करते आणि लगेच विचारते, "दात कशाने घासतेस गं?"