१५ सप्टेंबर आणि नीन्याच्या पुपुसा

मी ह्यूस्टनमध्ये एका पब्लिक लायब्ररीत काम करते, लहान मुलांच्या सेक्शनला. इथे दरवर्षी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या लोकांचा, हेरिटेज मंथ असतो, १९६८ साली नुसता आठवडा होता तो १९८८ मध्ये महिन्याचा झाला. एका वर्षी उद्घाटनाचा प्रोग्राम माझ्याकडे होता आणि मी महिनाभर राबले होते. मोठ्या सोंब्रेरो टोप्या, कागदी पताका, मारियाचीची गाणी, टॅको, सगळं तयार. चार वाजता प्रोग्राम.

सकाळी हॉल झाडायला आमच्या क्लिनिंगच्या बाई आल्या. साठीच्या, मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरच्या. सगळे त्यांच्या नावाआधी 'नीन्या' लावतात. शब्दाचा अर्थ छोटी मुलगी, पण त्यांच्याकडे वयाने मोठ्या बाईला मानाने असंच म्हणतात, म्हणून मी पण नुसतं नीन्याच म्हणते. झाडू भिंतीला टेकवून त्या बराच वेळ सजावट बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "छान आहे गं मीहा (म्हणजे पोरी), पण हे सगळं मेक्सिकोचं आहे. आज तर आमचा दिवस."

मला काही सुचेना. १५ सप्टेंबर का निवडला हे मी स्वतः पोस्टरवर लिहिलं होतं की, १८२१ मध्ये याच तारखेला ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका असे पाच देश स्पेनपासून स्वतंत्र झाले! मेक्सिकोचा दिवस तर १६ ला. तारीख त्यांची लिहिली आणि भिंतीवर त्यांचा एक झेंडा पण नाही, आणि रोज ज्या बाई आमची फरशी पुसतात त्यांना महिनाभरात एका शब्दाने विचारलं नाही. फार वाईट वाटलं, अजून आठवलं की वाटतं.

मी म्हटलं नीन्या, तुमच्या गावाला आज काय करतात? तर झाडू तसाच सोडून सांगायलाच लागल्या. ग्वातेमालातून मशाल निघते, शाळेची पोरं एका हातातून दुसऱ्या हातात देत पळत पळत सगळे देश ओलांडून ती कोस्टा रिकापर्यंत नेतात, त्यांच्या गावावरून जायची तेव्हा त्या पण पळाल्या होत्या म्हणे शंभरेक पावलं, पांढरे मोजे घालून. पुढे एल साल्वादोरमध्ये यादवी युद्ध पेटलं, ते १९९२ पर्यंत चाललं, आणि त्या मधेच कधीतरी इकडे आल्या. त्याबद्दल त्या बोलल्या नाहीत, मी पण विचारलं नाही.

मग सुपरवायझरशी बोलले, त्यांनी लगेच हो म्हटलं, नीन्यांचे तास लावले, सामानाचे पैसे बजेटमधून दिले. टोप्या खोक्यात गेल्या. दुपारी नीन्या घरून मक्याचं पीठ, चीज, शिजवून घोटलेला राजमा आणि बरणीभर कुर्तीदो घेऊन आल्या, कुर्तीदो म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेला कोबी-गाजर-कांदा, वर ओरेगानो.

पुपुसा म्हणजे त्यांची सारण भरलेली मक्याची जाड भाकरी, ती करताना बघणं म्हणजे काय सांगू! मी सोलापूरची, ज्वारीच्या भाकरी थापतच मोठी झाले, त्यामुळे माझी नजर त्यांच्या हातावरून हटेना. पाण्या-तेलाचा हात घेऊन गोळा घ्यायचा, अंगठ्याने मोदकासारखी पारी करायची, सारण भरून पुरणपोळीच्या उंड्यासारखं तोंड बंद करायचं आणि मग पोळपाट नाही, लाटणं नाही, या तळव्यावरून त्या तळव्यावर टप टप टप. कडेला एक चीर नाही! आपलं मक्याचं पीठ असं वळत नाही, तुटतं. त्यांचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेला असतो, म्हणून पिठाला तो चिकटपणा येतो.

चार वाजता वास बाहेर रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण कधी लायब्ररीत न दिसलेले लोक आत आले. होंडुरासचे एक आजोबा रांगेतूनच म्हणाले पुपुसा मूळची आमची, नीन्या उलथनं हातात धरून म्हणाल्या शक्यच नाही, २००५ मध्ये आमच्या सरकारने राष्ट्रीय पदार्थ जाहीर केलाय, आणि दोघं इतके रंगात येऊन भांडले की आजूबाजूची पोरं तव्याभोवती बसून ऐकत राहिली. आजोबांनी तीन खाल्ल्या. एक ब्राझीलची आई म्हणाली आम्ही स्पॅनिश बोलत नाही, म्हणजे हिस्पॅनिक नाही पण लॅटिनो, लॅटिन अमेरिकेतले, आहोत, आम्ही आलो तर चालेल ना? नीन्यांनी उत्तराच्या आधी तिच्या हातात प्लेट दिली. मोकळ्या भिंतीवर मुलांनी निळे-पांढरे झेंडे रंगवून लावले, मेक्सिकोच्या पताका पण तशाच ठेवल्या, त्यांचा दिवस उद्याच होता.

शेवटचा गोळा नीन्यांनी मला दिला. मी भाकरीच्या सवयीने थापली, मधून पातळ झाली आणि राजमा बाहेर आला. त्यांनी काही न बोलता माझे तळवे धरून वाटीसारखे वाकवले, असं, मीहा, असं.

आवरून झाल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि कॅलेंडरवर पेनाने खुणा करत गेल्या, १८ सप्टेंबर चिली, १ आणि २ नोव्हेंबर मेक्सिकोवाल्यांचे त्यांच्या मृतांसाठी, आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार, तो पुपुसाचा राष्ट्रीय दिवस, त्याभोवती दोनदा गोल. त्या रविवारसाठी मी घरी जायच्या आधी हॉल बुक करून टाकला, त्यांच्या नावाने.