मोगरा, वाळू आणि वाया गेलेले दोन महिने

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकली की कोल्हापुरात दुसरा विषय नसतो. गेल्या जुलैत मी मात्र गच्चीवरच्या मोगऱ्याच्या कुंडीतली पातळी बघत बसलो होतो. पाऊस उघडून दोन तास झाले तरी वर बोटभर पाणी. पानं पिवळी, भोवती चिलटं.

माती नदीकाठच्या शेतातली, काळी. उसाला झकास, पण कुंडीत तिचा एक तर चिखल होतो, नाहीतर दगड. उन्हाळ्यात आकसून कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या ताटलीत.

नर्सरीवाल्या मामांना विचारलं. "चार पाट्या मातीला एक पाटी वाळू घाला आन् तळाला खडीचा थर द्या. पाणी कसं सरसर जातंय बघा!" दोन पोती वाळू तीन मजले मीच चढवली. पंधरा दिवसांत माती आधीपेक्षा घट्ट. परत गेलो. "आणखी थोडी घाला की." घातली. आता खुरपं मारलं की खण्ण वाजायचं. तिसऱ्या खेपेला मामा म्हणाले, "जरा दम धरा." दम धरून धरून ऑगस्ट संपला.

शेवटी चिडून कुंडी उलटी केली. गोळा अख्खा निघाला, कुंडीच्याच आकाराचा. तळाची खडी स्वच्छ आणि तिच्यावर चार बोटं गटारासारखा वास मारणारा काळा गाळ. एक मूळ चिमटीत ओढलं तर साल सुटून हातात आली, मागे नुसता दोरा.

मग डोक्यात उजेड पडला. बारीक वाळूच्या कणांमधल्या जागा चिकण माती बुजवून टाकते. थोड्या वाळूनं माती मोकळी होत नाही, गिलावा होतो. खडीचंही तसंच. बारीक माती पाणी धरून ठेवते, ते खालच्या मोठ्या पोकळीत सहजासहजी उतरत नाही. म्हणजे खडीनं दलदल नुसती वर उचलली. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, ठिबकायचा थांबला की उभा करा, आणखी पाणी गळतं. उंची कमी तितका तळ ओला. खडी घालून मी मातीची उंचीच कमी केली होती! मुळांना हवेतला ऑक्सिजन लागतो, तो त्या गाळात कुठून पोचणार?

पुढचं काम एका दुपारचं. सडकी मुळं कापली. दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग वाटाण्याएवढे विटांचे तुकडे. तुकडे चाळून घ्या, भुकटी गेली की परत तेच रडगाणं. कोकोपीट दोनदा भिजवून पिळा, त्यात क्षार असतात. शेजारच्या आजी भुदरगडच्या, त्यांनी भाताच्या गिरणीतलं तूस आणून दिलं. "कच्चं नको रं बाबा, जाळून काळं कर, मग घाल." कच्चं तूस कुजताना मातीतला नत्र खातं, हे मला नंतर कळलं. भोकावर खडी नाही, जाळीचा तुकडा. आणि हो, कुंडी दोन विटांवर ठेवा. फरशीला टेकली की भोक बंद.

आता पाणी घातलं की मिनिटाच्या आत खालून येतं. पाणी घालण्याआधी विणायची सुई खुपसून बघतो. ओली माती चिकटून आली तर त्या दिवशी सुट्टी.

एक राहिलंच. माती बदलल्यावर तीन-चार आठवडे रासायनिक खत देऊ नका. मी घाईनं आठव्या दिवशीच दिलं आणि पानांची टोकं करपली. तो गाढवपणा माझा, मामांचा नाही.

दीड पोतं वाळू गच्चीवर पडून आहे. कोणाचं बांधकाम चालू असेल तर घेऊन जा, खाली उतरवायची मात्र तुम्हीच.