काकांचं 'बोर'

आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस पुढच्या खोलीत पडलेला असतो, अन् टीव्हीही त्याच खोलीत. त्यामुळे १९ नोव्हेंबर २०२३ची वर्ल्ड कप फायनल आम्ही आठ-दहा जणांनी कापसाच्या गंजीवर लोळून पाहिली. त्या दिवशी वेचणीला बायाही मिळाल्या नव्हत्या. मॅच सगळ्यांनाच पाहायची होती.

रोहित ३१ चेंडूंत ४७ करून गेला, मागोमाग श्रेयस गेला, अन् चौकेच आटले. ९७ चेंडू एकही चौका नाही! आमचे लहान काका गंजीच्या टोकाला बसून हात खाजवत होते (साठवलेल्या कापसाची खाज ज्याला सुटते त्यालाच माहीत). विसाव्या ओव्हरच्या आसपास ते म्हणाले, "काय पाहून राह्यले बे हे? बोर हाय."

सगळे असे वळले, जशी काकांनीच विकेट घेतली. माझा भाऊ म्हणाला, "काका, पनवती नका लावू ना." काका गप्प बसले. राहुल १०७ चेंडूंत ६६ करून गेला, त्यात चौका एकच. मनातून मलाही जांभई येत होती, पण बोलायची हिंमत कोणाची?

तसे काका दरवेळी असंच म्हणतात. क्रिकेट असो, २६ जानेवारीची परेड असो की निवडणुकीचा निकाल. आधी मला वाटायचं, माणसाला लवकर संपणारं काही पाहिजे. कारण काका शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे शौकीन. २०१४ साली पट बंद झाले तेव्हा घरात सुतक असल्यासारखे वागले, अन् १८ मे २०२३ला सुप्रीम कोर्टाने शर्यतींना मोकळीक दिली तेव्हा पेढे आणले. जोडी सुटली की काही सेकंदांत खेळ खलास, वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. पण दोन जोड्यांच्या मधे? तिथे तर नुसतं बसणंच बसणं.

फायनलच्या रात्री आठला शेतातली लाइन आली अन् काका बॅटरी घेऊन हरभऱ्याच्या ओलिताला निघून गेले. हेड १३७ मारत होता. २४१चं टार्गेट ऑस्ट्रेलियाने ४३ ओव्हरमध्ये गाठलं. आम्ही शेवटपर्यंत बसलो, कशासाठी कोण जाणे. सकाळी काकांनी स्कोअर विचारला नाही. एवढंच म्हणाले, "चार पाइप बदलून झाले रात्री."

त्याच हिवाळ्यात ते मला एका पटावर घेऊन गेले. ऊन डोक्यावर, धुळीने तोंड भरलेलं, एक जोडी परत गेली की दुसरी यायला अर्धा-अर्धा तास. काका मात्र बसलेच नाहीत. याच्या बैलाच्या पाठीवर हात फिरव, त्याच्या बैलाचे दात पाहा, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याला तंबाखू दे, तिसऱ्याशी भांडण कर. टीव्हीसमोर आम्ही त्यांना हलू पण देत नव्हतो.

दोन तासांनी मी म्हणालो, "काका, बोर होऊन राह्यलं."

त्यांनी ऐकलंच नाही. एका गोऱ्ह्याचा खालचा ओठ ओढून ते मालकाला सांगत होते, "चारदाती म्हणतं? दोनच हायत लेका, मोज."